जिभीला चार निवांत रात्री कशा आखाव्यात

हिमाचल म्हटलं की आपल्याकडे अजूनही ‘शिमला-कुलू-मनाली, सात रात्री आठ दिवस’ हाच साचा पुढे येतो. त्यातले निम्मे दिवस गाडीत जातात, हे परत आल्यावर कुणी सांगत नाही. रजा सहा-सात दिवसांची असेल आणि खरंच निवांत बसायचं असेल, तर एकच गाव धरा आणि तिथून हलू नका. मी सांगते आहे ते कुलू जिल्ह्यातल्या बंजार भागाबद्दल. तिथे जिभी आहे, जिभीच्या वर शोजा, आणि शेजारच्या तीर्थन खोऱ्यात गुशैणी.

दिवस आणि हंगाम

गावात चार रात्री हव्यात, तीन म्हणजे अगदी कमीत कमी. ‘एवढं लांब आलोच आहोत तर मनालीही करून टाकू’ हे वाक्य घरातून निघतानाच बंद करा.

एप्रिल चांगला, पण सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. पाऊस संपलेला, आकाश स्वच्छ, आणि शाळांना दिवाळीची सुट्टी. मे महिन्यात आपल्याइतकीच गर्दी दिल्ली-चंदीगडहून आलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. ‘पावसाळ्यात काय हिरवंगार दिसतं’ असं सांगणाऱ्यांना तिकडे नेणारा मंडी ते ऑट हा रस्ता ठाऊक नसावा. २०२३ आणि २०२५ च्या पावसाळ्यात दरडींनी तो पुन्हा पुन्हा बंद पडला. सहा दिवसांच्या रजेतले दोन रस्ता उघडण्याची वाट पाहण्यात गेले, तर निवांतपणा कुठला?

पोचणं

मुंबई-पुण्याहून विमानाने चंदीगड, तिथून गाडीने बिलासपूर, मंडी, ऑट. घरातून पहाटे निघालात तर अंधार पडता पडता जिभीत पोचता. भुंतरचा विमानतळ नकाशावर जवळ दिसतो, पण तिथे छोटी विमानं उतरतात आणि हवा बिघडली की फेरी रद्द होते. छोट्या सुट्टीत तो जुगार खेळू नये.

स्वस्तात जायचं तर दिल्लीहून रात्रीची मनालीची बस घ्या आणि ऑटला उतरा. ऑट हे बोगद्याच्या तोंडाशी असलेलं छोटं गाव. तिकीट काढतानाच उतरण्याचं ठिकाण ऑट टाका, बसमध्ये चढताना कंडक्टरला सांगा, आणि झोपण्याआधी पुन्हा सांगा. नाहीतर बस बोगदा ओलांडून पुढे जाते आणि जाग येते ती कुलूत. बस पहाटे अंधारातच पोचते, म्हणून मुक्कामाच्या घरवाल्यांकडूनच टॅक्सी ठरवून ठेवा. सामान हलकं असेल तर उजाडेपर्यंत चहाच्या टपरीवर थांबून बंजारची बस धरता येते. लारजीपाशी तीर्थन नदी बियासला मिळते. तिथून रस्ता अरुंद होतो, पण घाट म्हणावा असा काही नाही.

घर निवडणं: खरी मेख इथे आहे

बाकी सगळं चुकलं तरी निभावतं. घर चुकलं की सुट्टी गेली. या एका गोष्टीवर माझे सगळ्यात जास्त तास खर्च झाले आहेत, आणि फोटो पाहून घर निवडायचं नाही, एवढं त्यातून पक्कं झालं आहे.

पहिला मुद्दा उन्हाचा. जिभी अरुंद दरीत आहे, दोन्ही बाजूंना देवदाराचे उभे डोंगर. ‘नदीकाठची कॉटेज’ फोटोत फार सुरेख दिसते. पण दरीच्या तळाशी ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. नोव्हेंबरात दुपार कलली की अंगण सावलीत जातं आणि तुम्ही स्वेटर, शाल, रजई गुंडाळून खोलीत. शिवाय पाण्याचा आवाज पहिल्या रात्री गोड वाटतो, तिसऱ्या रात्री कान किटतात. म्हणून मी नेहमी उतारावरचं, दक्षिणेकडे तोंड असलेलं घर शोधते. जिभीच्या बाजारात न राहता वरच्या बाहू किंवा घियागीच्या बाजूला पाहा. थंडी चालत असेल तर थेट शोजा. गर्दी अजिबात नको असेल तर गुशैणीच्या पुढच्या वाड्या. जिभीच्या बाजारात आता काँक्रीट आणि कॅफे इतके झालेत की निवांतपणासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही.

ऊन तपासण्याची सोपी युक्ती अशी: घरवाल्यांना दुपारी तीन-चारच्या सुमारास व्हिडिओ कॉल करा आणि खोलीच्या दारात उभं राहून चहूबाजूंना कॅमेरा फिरवायला सांगा. ऊन कुठे आहे ते दिसतं, शेजारी बांधकाम चालू आहे का तेही दिसतं. कॉलला टाळाटाळ झाली की मी ते घर सोडून देते.

दुसरा मुद्दा रस्त्याचा. गाडी थांबते तिथून घरापर्यंत किती मिनिटं चालायचं, हे विचारा. ‘बस पाँच मिनट, जी’ हे उत्तर ग्राह्य धरू नका. ते त्यांच्या पायांचं माप आहे. आपल्याला पंधरा लागतात, आणि वाट चढाची असते. चाकांची बॅग त्या वाटेवर निरुपयोगी. सोबत आई-बाबा असतील तर पायऱ्या किती, ओल्या दगडांवरून जायचं आहे का, रात्री उजेड असतो का, हे सगळं खोदून विचारा. लाजू नका. वयस्क माणसं एकदा वर पोचली की चार दिवस खाली उतरत नाहीत, मग घर उत्तम असूनही त्यांना कोंडल्यासारखं होतं.

तिसरं, घरात कुटुंब राहतं का? काही ठिकाणी ‘होमस्टे’ची पाटी असते आणि आत दिल्लीच्या कुणीतरी भाड्याने घेतलेलं हॉटेल चालतं. विचारायचा प्रश्न एकच: ‘खाना कौन बनाता है?’ घरातल्या बाईंचं नाव आलं तर बरं. मग राजमा-भात मिळतो, वसंतात लिंगडीची, म्हणजे रानातल्या नेच्याच्या कोवळ्या कोंबांची, भाजी मिळते, आणि सांगून ठेवलं तर सिड्डूही होतो. सिड्डू म्हणजे आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा उडदाचं सारण भरून वाफवलेली जाड पोळी, वर भरपूर साजूक तूप. तो करायला वेळ लागतो, म्हणून आदल्या रात्री सांगायचं.

चौथं, तंदूर आहे का? तिकडे तंदूर म्हणजे रोट्यांची भट्टी नव्हे, तर खोली उबदार ठेवणारी, लाकडावर चालणारी पत्र्याची शेगडी. वीज गेली की गीझर आणि हीटर दोन्ही गप्प; तंदूर चालूच राहतो. झोपण्यापूर्वी आग विझली आहे, धुराडं मोकळं आहे, एवढं बघून घ्या. ही गावं देवदाराच्या लाकडाची. काठकुणी पद्धतीत लाकूड आणि दगड यांचे थर एकावर एक रचून भिंती उभ्या करतात, आणि एका ठिणगीने वाडीच्या वाडी पेटते. खोलीत मेणबत्ती, सिगारेट नको म्हणजे नको.

आणि झाडावरची खोली? माझं मत विचाराल तर नको. फोटोसाठी पंधरा मिनिटं पुरे, रात्रभर मात्र वारा फटींतून आत येतो.

शनिवार-रविवार शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर त्या रात्री कुणाचा मोठा ग्रुप आहे का आणि स्पीकर लागतो का, हे आधीच विचारा. जोडून सुट्टी नसेल तर सुरुवातीला दोनच रात्रींचे पैसे भरा आणि घर आवडलं की पुढच्या रात्री तिथेच ठरवा.

सामान

चांगले बूट, टॉर्च, एक जाड कपडा, रोख रक्कम. एटीएम बंजारला आहे. ऑक्सिजनचे डबे विकत घेऊ नका. जिभीला त्यांची गरजच नाही, आणि जिभीच्या वरच्या जलोडी जोतची (जोत म्हणजे खिंड) उंची ३१२० मीटर असली तरी तिथे तुम्ही काही तासच असणार. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून या.

तिथे गेल्यावर

पहिला दिवस काहीच नाही. एक दिवस गाडीने जलोडीपर्यंत जाऊन तिथून सेरोलसर तळ्याला चालत जा: एका बाजूने साधारण पाच किलोमीटर, जंगलातली वाट, फारसा चढ नाही. तळ्याकाठी बूढी नागिणीचं मंदिर आहे. तिला तूप वाहतात, आणि तळ्यात पडलेलं पान एक पक्षी उचलून नेतो असं लोक सांगतात. बर्फ पडला की जोत बंद होतं, म्हणून डिसेंबरनंतर या वाटेचा भरवसा नाही. एक दिवस चेहणी गावाचा. बागी गावच्या शृंग ऋषींच्या मंदिरापासून चढून गेलं की तिथला काठकुणीचा उंच मनोरा दिसतो. १९०५ च्या कांगडा भूकंपात त्याचे वरचे मजले पडले, तरी पाहताना मान दुखते. मंदिरांच्या आवारात चामड्याचा पट्टा-पाकीट नेऊ नका, आणि विचारल्याशिवाय चौथऱ्यावर चढू नका.

गुशैणीला राहिलात तर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या दिशेने नदीकाठाने चालत जा. पार्क २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हद्दीच्या आत जायला परवाना लागतो, पण त्याआधीचा टापूही दिवसभराला पुरतो.

परतीचं

दिल्लीची रात्रीची बस मनालीहून संध्याकाळी सुटते आणि ऑटला अंधार पडल्यावर येते. तिकिटावर चढण्याचं ठिकाण ऑट आहे ना, ते तपासा, आणि दुपारीच बसवाल्याला फोन करून ती नेमकी कुठे थांबेल ते विचारा. जिभीहून दिवस मावळायच्या आत निघा. दिल्लीहून पुढचं विमान सकाळचं घेऊ नका, दुपारी तीननंतरचंच घ्या. एजंट म्हणेल, बस सहाला पोचते. पोचतेही, बऱ्याचदा. ज्या दिवशी पोचत नाही त्या दिवशीचं तिकीट तो भरून देत नाही.