पिक्चर ट्यूबवर रंगाचा डाग? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जुने टीव्ही पुन्हा येऊ लागलेत. बहुतेक जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांचे. तक्रार ठरलेली : "काका, कोपऱ्यात हिरवा डाग आलाय, ट्यूब गेली का?" बहुतेक वेळा ट्यूब ठणठणीत असते. काचेच्या आत बारीक भोकांचा लोखंडी पत्रा असतो, शॅडो मास्क. त्यात चुंबकत्व शिरलं की ट्यूबच्या मागच्या गनमधून निघालेला इलेक्ट्रॉनचा किरण जरासा वाकतो आणि पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर पडायचा तो शेजारच्या हिरव्यावर पडतो. बिघाड एवढाच. खरं नुकसान त्यावर केलेल्या उपायांनी होतं.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे पडद्यावर चुंबक फिरवणं. कळव्याचा एक मुलगा 21 इंची सेट रिक्षात मांडीवर धरून घेऊन आला. स्पीकर शेजारी ठेवल्याने आधी अंगठ्याएवढा डाग होता. याने हार्ड डिस्क फोडून चुंबक काढलं आणि काचेवर गोल गोल फिरवलं. सेट लावला तर अर्धा पडदा जांभळा, अर्धा हिरवा, निवेदिकेचा चेहरा पोपटी. साधं चुंबक चुंबकत्व काढत नाही, ते स्वतःचं मागे ठेवून जातं. मी चुंबकत्व काढायची कॉइल (विजेवर चालणारं तारेचं वेटोळं) तीन वेळा फिरवली, मध्ये कॉइल गार होऊ दिली. सगळे रंग जागेवर आले, डावीकडे खाली रुपयाएवढा डाग मात्र हलेना. तिथे मास्कच ओढला जाऊन वाकला होता. वाकलेला मास्क कोणीही सरळ करू शकत नाही. आजोबांचा टीव्ही होता तो. त्या मुलाचा पडलेला चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

दुसरी चूक कॉइल विकत घेणाऱ्यांची : पडद्याजवळच बटण सोडणं. कॉइलमधला प्रवाह सेकंदात 50 वेळा उलटसुलट होतो. त्याचं चुंबकी क्षेत्र हळूहळू क्षीण होत गेलं तरच मास्क मोकळा होतो. जवळ असताना बटण सोडलंत तर त्या क्षणाचं चुंबकत्व तसंच गोठतं आणि डाग आधीपेक्षा मोठा होतो. माझी सवय सांगतो. टीव्ही चालू, पडदा शक्यतो पूर्ण लाल. कॉइल काचेपासून वीतभर लांब धरून सावकाश गोल फिरवायची. रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे रंग पडद्यावर फिरतात, घाबरू नका. मग फिरवत फिरवतच मागे सरकायचं. मी दाराबाहेर पॅसेजपर्यंत जातो. सहा-सात फुटांवर कॉइल आडवी वळवायची, म्हणजे तिची कड पडद्याकडे येते, आणि मगच बटण सोडायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण तेवढा दम कोणाला नसतो.

कॉइल घेण्याआधी टीव्हीतलीच कॉइल वापरून बघा. ती ट्यूबभोवती बसवलेलीच असते. मेन स्विच दाबला की "धुम्म" आवाज येतो, तो तिचाच. तिच्यासोबतचा पोझिस्टर नावाचा छोटा भाग क्षणात तापतो आणि प्रवाह आपोआप कमी करतो. तो गार झाल्याशिवाय कॉइल पुन्हा नीट काम करत नाही. म्हणून लागोपाठ दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. रिमोटने बंद केलंत तर बऱ्याच सेटमध्ये तो गरमच राहतो. मेन स्विच बंद करा, अर्धा तास थांबा, मग लावा. फिक्या डागाला असं दोन-तीनदा केलं की पुरतं. "धुम्म" येतच नसेल तर पोझिस्टर गेलाय किंवा ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाक, आहे. तो भाग स्वस्त आहे, पण झाकण स्वतः उघडू नका : मोठ्या ट्यूबच्या ॲनोडवर 25 हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकतो.

ट्यूबच्या मानेवरच्या, म्हणजे मागच्या निमुळत्या भागावरच्या, किरण जुळवणाऱ्या चुंबकी रिंगा फिरवू नका. त्यांवर रंगाचा ठिपका लावून कारखान्याने त्या जागेवर बसवलेल्या असतात. एकदा हलवल्यात की जुळवायला माझी अख्खी दुपार जाते.

टीव्हीची दिशा बदललीत, तरी रंग थोडे हलतात. ते पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे. मेन स्विचने एकदा बंद-चालू केलं की जातं.

आणि स्टॅबिलायझर टीव्हीच्या डोक्यावर ठेवू नका. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरने चित्र थरथरतं, आणि लोक ते दाखवायला सेट उचलून माझ्याकडे आणतात. स्टॅबिलायझर घरीच राहतो आणि इथे चित्र स्थिर दिसतं.