तापस सेन यांचं पाणी आणि आमची परात

प्रकाशयोजना शिकायला येणारी मुलं आधी विचारतात, "दादा, कुठला कन्सोल शिकू?" कन्सोल, म्हणजे दिवे कमी-जास्त करायचं यंत्र, महिनाभरात हाताखाली येतो. मी त्यांना आधी बंगाली रंगभूमीचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांच्याबद्दल सांगतो.

सेन यांचा जन्म १९२४ चा, आसामातल्या धुबरीचा. वाढले दिल्लीत, नाव झालं कलकत्त्यात. १९५९ साली मिनर्व्हा थिएटरला उत्पल दत्तांचं 'अंगार' आलं. कोळशाच्या खाणीत कामगार अडकलेत आणि खाण वाचवायला मालक आत पाणी सोडतात. शेवटी ते पाणी चढत चढत माणसांना गिळतं. रंगमंचावर थेंबभर पाणी नाही. सगळा खेळ उजेडाचा, जोडीला रविशंकर यांचं संगीत. 'सेतू' नाटकात तर त्यांनी उजेडातून धडधडत येणारी आगगाडी उभी केली होती.

हे ऐकून मी कॉलेजात असताना पेटलो होतो. आमच्या एकांकिकेत नदीकाठ होता. घरून पितळी परात आणली, तळाशी आरशाचे तुकडे टाकले, वर चार बोटं पाणी. विंगेतून त्यावर स्पॉट मारला आणि पाण्यात बोट फिरवलं, तर मागच्या पांढऱ्या पडद्यावर लाटा हलायला लागल्या! तालमीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राथमिक फेरीनंतर एक परीक्षक शांतपणे म्हणाले, "नदी दिसली. बाई दिसली नाही."

नायिकेचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अंधारात गेलं होतं. तेव्हा कुठे 'अंगार' नीट कळलं. ते पाणी लोकांना हादरवत होतं, कारण त्याखाली कोण बुडतंय हे त्यांना माहीत होतं.

म्हणून सांगतो, पहिल्या दोन-तीन तालमींना वही न उघडता बसा. कोण कुठे थांबतो, कुठे वळतो, कुठे श्वास घेतो ते बघा. मग चेहरे उजळा. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनले मॅककँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पद्धत आजही पायाची आहे: प्रत्येक जागेला समोरून दोन दिवे, डावीकडून एक आणि उजवीकडून एक, दोन्ही ४५ अंशांत, एक उबदार रंगाचा, दुसरा थंड. फोकस लावून झाला की स्वतः रंगमंचावर चाला. डोळ्यांवरचा उजेड जिथे अचानक कमी होतो तिथे उजेडाला भोक आहे, म्हणजे तिथे दिवा पोचत नाही.

सुरुवातीला यावर घर चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. लाइट भाड्याने देणाऱ्या एखाद्याकडे वर्षभर काम करा. केबल गुंडाळणं, शिडीवर चढणं, जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) कापणं, सगळं करा. हॅलोजनचा दिवा उघड्या हाताने धरू नका, टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सेफ्टी चेन लावा आणि मेन बंद असल्याची खात्री स्वतः करा, दुसऱ्याच्या शब्दावर नको. दौऱ्याचं नाटक असेल तर बारा दिव्यांत भागेल अशी योजनाही तयार ठेवा. पुढच्या गावचं नाट्यगृह काय देईल याचा भरवसा नसतो.

आमची एकांकिका अंतिम फेरीत गेली तेव्हा परात तशीच होती. फक्त तिचं वाक्य यायच्या आधी मी नदीचा उजेड हळूहळू पाव हिश्शावर आणला आणि तिच्या चेहऱ्यावर डावीकडून एकच स्पॉट चढवत नेला. दहा मोजत.