ग्राफिक्स कार्डाचं नाव नको, वॉट विचारा

जुना लॅपटॉप व्हिडिओ एडिटिंगला धापा टाकायला लागला की आपण दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो, "कार्ड कोणतं?" उत्तर येतं, "आरटीएक्स ४०६०." आणि आपण खूश!

पण लॅपटॉपमधलं हेच कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवलेलं असू शकतं. किती, ते कंपनी ठरवते. सडपातळ, दिसायला देखण्या मशीनमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते, म्हणून तिथे वॉट कमी ठेवतात. नाव तेच, पण गेम अडखळतो आणि रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ फाइल म्हणून बाहेर काढायला, वेळ लागतो. तेव्हा कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलचं 'टीजीपी', म्हणजे कार्डाला किती वॉट मिळतात तो आकडा, शोधा. आकडा दिलाच नसेल, तर मी तरी ते मॉडेल सोडून देतो.

दुसरी फसगत स्क्रीनची. स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं एक माप म्हणजे एनटीएससी. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं की हात जोडा. त्यावर रंग फिके दिसतात, म्हणून आपण ते वाढवत बसतो, आणि तोच व्हिडिओ मोबाइलवर पाहिला की नवरीचा शालू भडक नि चेहरे टोमॅटोसारखे लाल. एसआरजीबी हे रंगांचंच दुसरं माप, ते १०० टक्क्यांच्या आसपास हवंच.

रॅम १६ जीबी चालेल, पण ती बोर्डावर डकवलेली नसावी. स्लॉट असला की पुढे वाढवता येते. एसएसडीचंही (फाइली साठवण्याच्या ड्राइव्हचंही) तसंच, दुसरी जागा रिकामी आहे का ते विचारा.

बॅटरीचं फार मनावर घेऊ नका. असं मशीन पूर्ण ताकदीने चालतं ते चार्जर लावल्यावरच, आणि तो चार्जर जवळजवळ विटेएवढा असतो. बॅग त्या हिशेबाने घ्या.