ओठ घट्ट मिटणाऱ्या लेकीचे दात

दोन वर्षांची लेक ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटायची. समोर उभं राहून घासणं सोडलं. आता मी जमिनीवर मांडी घालून बसते, तिचं डोकं मांडीवर घेते. दुसरा ब्रश तिच्या हातात, बाहुलीचे दात घासायला! बोटाने वरचा ओठ अलगद उचलला की हिरडीलगतची कड दिसते. कीड बऱ्याचदा तिथेच खडूसारख्या पांढऱ्या रेघेने सुरू होते. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, वयाच्या ३ वर्षांनंतर वाटाण्याएवढी. (जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट विसरा.) रात्री घासल्यावर फक्त पाणी. झोपतानाची दुधाची बाटली सोडवणं मात्र जड गेलं. रोज थोडं पाणी वाढवत गेले, शेवटी बाटलीत नुसतं पाणीच उरलं आणि तिनेच ती ढकलून दिली.