पुअरली, सिक आणि फेड अप: इंग्लंडच्या वॉर्डात येणाऱ्या नर्सेससाठी

मिरजेत नर्सिंग शिकले, पुण्यात सहा वर्षं नोकरी केली आणि मग यॉर्कशरमधल्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झाले. ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत बी आणि लेखनात सी प्लस मिळाला की तिथल्या नर्सिंग कौन्सिलची इंग्रजीची अट पूर्ण होते. माझी ती आरामात झाली होती. तरी पहिल्याच आठवड्यात अडले ते ‘पुअरली’ या साध्या शब्दावर.

उत्तर इंग्लंडमध्ये हा शब्द दिवसभर कानावर पडतो. पेशंट स्वतःबद्दल ‘आय फील अ बिट पुअरली’ म्हणतो, तेव्हा त्याला आपल्यासारखंच ‘जरा कसकस वाटतेय, बरं नाही’ एवढंच सांगायचं असतं. पण हँडओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सांगताना, सिस्टर ‘शी इज व्हेरी पुअरली’ म्हणाली, तर पेशंट अत्यवस्थ आहे. शब्द तोच, पण कोण बोलतंय त्यावर त्याचं वजन ठरतं. हे मला माहीत नव्हतं. एका रात्री एका आजींबद्दल सिस्टर तसं म्हणाली आणि मी आधी बाकीच्या तिघांची औषधं द्यायला घेतली. सिस्टर पाठोपाठ आली आणि म्हणाली, आधी मुलीला फोन लाव. मुलगी वेळेत पोचली, आजी पहाटे गेल्या. ती माय-लेकींची शेवटची भेट माझ्यामुळे हुकली असती. म्हणून नव्या मुलींना मी सगळ्यात आधी हा शब्द सांगते.

दुसरा शब्द ‘सिक’. आपण शाळेत ‘आय ॲम सिक’ म्हणजे ‘मी आजारी आहे’ असं शिकलो. इथे पेशंट ‘आय हॅव बीन सिक ट्वाइस’ म्हणाला, तर त्याला दोनदा उलटी झालेली असते. ती किती झाली हे बघून फ्लुइड चार्टवर, म्हणजे पोटात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाच्या तक्त्यावर, लिहायचं असतं. स्वतःच्या रजेसाठी फोन करतानाही हे लक्षात ठेवा. उलटी-जुलाब असतील तर ते थांबल्यावर 48 तास कामावर येता येत नाही, त्यामुळे नुसतं ‘सिक’ म्हटलं की पलीकडून ‘उलटी झाली का?’ हाच प्रश्न येणार. नुसता ताप असेल तर तापच सांगा. 7 दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरांचा दाखला लागत नाही, त्यापुढे लागतो. त्याला 2010 पासून ‘फिट नोट’ म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून ‘सिक नोट’च आहे.

‘अंडर द वेदर’, ‘ऑफ कलर’, ‘रन डाउन’ ही सगळी अंग मोडून आलंय, चेहरा उतरलाय अशी किरकोळ दुखणी. आठवडाभरात सवय होते. जपायचं ते ‘नॉट टू बॅड’ला. जुन्या पिढीची माणसं तक्रार करत नाहीत. खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा रोज तेच उत्तर द्यायचे. वेदनेला दहापैकी किती, असं विचारलं तेव्हा म्हणाले, आठ.

हेच आजोबा एकदा म्हणाले, ‘आय ॲम फेड अप, लव्ह.’ मला वाटलं, पडून पडून कंटाळा आला असेल. मी टीव्ही लावून दिला. आमच्या वॉर्डातल्या एक जुन्या हेल्थकेअर असिस्टंट मात्र खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, ‘कशाला फेड अप?’ मग कळलं, घरी कुणी नाही आणि रात्री पुन्हा पडलो तर, या भीतीने ते अर्धं जेवण तसंच टाकून देत होते. फेड अपला ‘कंटाळा’ पुरा पडत नाही. नको इतकं भरवल्यावर येतो तो वीट त्यात आहे. तो शब्द ऐकला की ‘कशाचा?’ हे विचारल्याशिवाय खाटेपासून हलू नका.

यापुढे पायऱ्या आहेत. ‘चीज्ड ऑफ’ म्हणजे वैताग. ‘आय हॅव हॅड इट अप टू हिअर’ म्हणताना माणूस हात कपाळापर्यंत नेतो, आपलं डोक्यावरून पाणी गेलं तसं. आणि सगळ्यात शेवटी ‘ॲट द एंड ऑफ माय टेदर’. टेदर म्हणजे दावं. खुंट्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या टप्प्यातलं सगळं चरून संपवतं आणि पुढे जाऊ शकत नाही, ते चित्र. गावाकडच्या माणसाला हा वाक्प्रचार शिकवावा लागत नाही.

तो पेशंटपेक्षा नातेवाइकांकडून जास्त ऐकू येतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याला सांभाळणाऱ्या एक बाई डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हे वाक्य अगदी हळू आवाजात बोलल्या. ‘यू विल बी फाइन’ म्हणण्याची तिथे सोय नसते. इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर ॲक्टनुसार सांभाळणाऱ्या माणसालाही स्वतःच्या गरजांची पाहणी कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडून, करून घेण्याचा हक्क आहे. त्याला ‘केअरर्स असेसमेंट’ म्हणतात. मी बाईंना झोप किती होते ते विचारलं. रात्री तीन तास, तीही तुटक. नोंदीत त्यांचं वाक्य माझ्या शब्दांत न बदलता अवतरणचिन्हात लिहिलं, खाली झोपेचे तास लिहिले आणि सिस्टरला दाखवलं. डिस्चार्ज पुढे ढकलला गेला आणि दुसऱ्या दिवशी सोशल वर्कर त्या बाईंना भेटायला आली.