ठासणीच्या बंदुकीत गोळी कोणती भरावी: गोल की निमुळती?

ठासणीच्या बंदुकीसाठी, म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरतात अशा बंदुकीसाठी, गोळी निवडायची असेल, तर दुकानातल्या डब्यांवरचा मजकूर वाचण्याआधी बंदुकीची नळी वाचावी. गजाच्या (बार ठासायच्या लांब सळीच्या) टोकाला घट्ट बसेल अशी तेलाची चिंधी गुंडाळावी, गज नळीत तळापर्यंत उतरवावा आणि हात सैल ठेवून तो हळूहळू बाहेर ओढावा. नळीला आतून पेच, म्हणजे पिळाच्या चरी, असतील, तर त्या पेचांच्या पिळाप्रमाणे गज आपोआप फिरू लागतो. गजावर आधीच खडूने एक उभी रेघ मारून ठेवली असली, की ती रेघ पाव फेरा फिरेपर्यंत गज किती इंच बाहेर आला हे मोजता येते, आणि त्या मापाची चौपट म्हणजे त्या नळीचा पीळ, अर्थात एका पूर्ण फेऱ्याला लागणारे इंच. पाव फेऱ्याला १२ इंच लागले, तर पूर्ण फेऱ्याला ४८ इंच. हे करण्यापूर्वी नळी रिकामी आहे याची खात्री मात्र करायलाच हवी: गज आत सोडून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून त्याचे टोक कानाच्या छिद्रापर्यंत, म्हणजे जिथून ठिणगी दारूला पोहोचते त्या छिद्रापर्यंत, पोहोचते का ते पाहावे. टोक अलीकडे राहिले, तर आत जुना बार (दारू आणि गोळी) आहे असे समजून बंदूक जाणकाराच्या हाती द्यावी.

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात राहतो आणि तेथील रीतसर परवाना काढून हरणाच्या हंगामात ठासणीची बंदूक घेऊन जातो. त्याने भांडुपला माझ्या घरी फोन करून विचारले, “मामा, गोल गोळी घेऊ की निमुळती?” टूलरूममध्ये तीस वर्षे मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला हा प्रश्न मापांचा वाटला, आणि तो खरोखरच मापांचा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे पुढील मजकूर परदेशात कायदेशीर शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुका बहुतेक आतून गुळगुळीत असतात. तशा नळीतून निमुळती गोळी सोडली, तर तिला फिरकी मिळत नाही, ती हवेत कोलांट्या खाते आणि कुठे लागेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून गुळगुळीत नळीपुरता हा प्रश्न उरतच नाही.

पीळ एवढा महत्त्वाचा का, हे गोळीच्या आकारावरून कळते. गोल गोळी कोणत्याही बाजूने सारखीच असते, तिला पुढे-मागे नसते, त्यामुळे तिला स्थिर ठेवण्यास थोडीशी फिरकी पुरते. निमुळती गोळी जितकी लांब, तितकी ती आडवी होऊ पाहते आणि तितकी अधिक फिरकी मागते. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र मांडले: गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे, येणारे उत्तर म्हणजे एका फेऱ्यासाठी चालणारे इंच. अर्धा इंच व्यासाच्या गोल गोळीची लांबीही अर्धा इंचच असल्याने उत्तर ७५ येते. तोच व्यास ठेवून गोळी एक इंच लांब केली, की उत्तर साडेसदतीसवर उतरते. प्रत्यक्षात बाजारातील नळ्याही याच हिशेबाच्या आसपास आढळतात. ६० ते ७० इंचांत एक फेरा घेणारी नळी गोल गोळीसाठी, २० ते ३२ इंचांची नळी लांब निमुळत्या गोळीसाठी, आणि ४८ इंचांची नळी दोन्ही चालवून घेणारी, म्हणजे गोल गोळी किंवा आखूड, जाड निमुळती गोळी.

पिळाबरोबर पेचांची खोलीही पाहावी. गोल गोळी पेचांना स्वतः टेकतच नाही; तिच्याभोवतीची कापडी चिंधी पेचांत शिरते आणि गोळीला फिरवते, म्हणून तिच्या नळीचे पेच खोल असलेले बरे. निमुळती गोळी नळीत मोकळी उतरते आणि दारूच्या दाबाने तिचे मऊ शिसे फुगून पेचांत बसते, त्यासाठी उथळ पेच सोयीचे. यामुळेच दोन्ही गोळ्यांसाठी शिसे शुद्ध आणि मऊ हवे. नखाने ओरखडा उठत नसेल, तर ते शिसे कठीण आहे आणि निमुळत्या गोळीला तर ते मुळीच चालणार नाही.

आता वजनाचा विचार करू. गोल गोळीचे वजन नळीच्या व्यासाने कायमचे ठरलेले असते. .४५ च्या (म्हणजे .४५ इंच व्यासाच्या) नळीतील .४४० इंचांची गोळी सुमारे १२८ ग्रेन (गोळीच्या वजनाचे छोटे माप) भरते, .५० च्या नळीतील .४९० ची सुमारे १७७ आणि .५४ च्या नळीतील .५३० ची सुमारे २२३. व्यास जेमतेम वीस टक्क्यांनी वाढला, पण वजन पाऊणपट वाढले, कारण गोलाचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून गोल गोळी वापरणाऱ्याला अधिक जोर हवा असेल, तर त्याने दारू वाढवत बसण्यापेक्षा मोठ्या व्यासाची बंदूक घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. निमुळत्या गोळीचे तसे नाही. तोच व्यास ठेवून ती लांब करता येते आणि .५० च्या नळीतून ३५० ते ४०० ग्रेनची गोळी सहज सोडता येते. त्याची किंमत खांद्याला मोजावी लागते, कारण धक्का चांगलाच वाढतो.

अंतर हा दुसरा निर्णायक मुद्दा आहे. गोल गोळी नळीतून वेगाने निघते, पण हवा तिला लवकर अडवते. .५० ची गोळी सेकंदाला १८०० फुटांच्या वेगाने निघाली, तर १०० यार्डांवर तिचा वेग निम्म्याहून थोडाच अधिक उरतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती सुमारे एक तृतीयांशावर येते. आडवा वाराही तिला अधिक ढकलतो. जड निमुळती गोळी सावकाश निघते, त्यामुळे ती लवकर खाली झुकते, परंतु तिची ऊर्जा बरीच टिकते. म्हणून हरणासाठी, दाट रानात आणि ७५ यार्डांच्या आत, .५० ची गोल गोळी पुरेशी आहे. ती मऊ असल्याने लागताच चपटी होते आणि आपले काम करते. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी .५४ किंवा त्याहून मोठी गोल गोळी आणि कमी अंतर, नाहीतर निमुळती गोळी, एवढाच पर्याय मला योग्य वाटतो. जखमी जनावर रात्रभर रानात तडफडत राहावे हे कोणत्याही शिकाऱ्याला शोभणारे नाही, तेव्हा ज्या अंतरावर आपल्या पाचही गोळ्या थाळीएवढ्या जागेत बसतात, त्याच्या पलीकडे नेम धरू नये.

चिंधीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गोल गोळीचे यश तिच्यावरच अवलंबून असते. भाचा मागच्या दिवाळीत मुंबईला आला, तेव्हा आम्ही मंगलदास मार्केटमध्ये जाऊन गादीच्या अभ्र्याचे पट्ट्यापट्ट्यांचे घट्ट विणीचे सुती कापड पाहिले. खिशातला मायक्रोमीटर काढून मी तीन कापडे दाबून मोजली, एकाची जाडी .०१८ इंच, दुसऱ्याची .०१५ आणि तिसरे इतके विरळ होते, की दाबताच .०१० पर्यंत बसले. आम्ही दुसरे घेतले आणि खळ काढण्यासाठी ते गरम पाण्यातून दोनदा धुतले. कृत्रिम धागा मिसळलेले कापड घेऊ नये, कारण ते वितळून नळीला चिकटते. बार झाल्यावर पुढे जाऊन पडलेली चिंधी उचलून पाहावी: मध्ये काळा डाग आणि कडा थोड्या विसकटलेल्या असतील, तर सारे ठीक आहे, मध्येच जळून भोक पडले असेल, तर चिंधी पातळ आहे किंवा तिला चरबी कमी लावली आहे, आणि गोलाकार चिरा पडल्या असतील, तर नळीच्या तोंडाची धार किंवा पेचांच्या कडा तिला कापत आहेत.

निमुळत्या गोळीला चिंधी लागत नाही, भरणे सोपे जाते, परंतु तिच्यात एक धोका आहे. बंदूक तोंड खाली करून चालताना ती गोळी दारूपासून सुटून पुढे सरकू शकते, आणि गोळी व दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर बार उडवताना नळी फुगण्याची किंवा फुटण्याची भीती असते. यासाठी बार भरल्यावर गजावर खूण करून ठेवावी आणि रानात असताना ती खूण पुन्हापुन्हा तपासावी. दारू काळी किंवा तिच्या जागी उत्पादकाने मान्य केलेलीच वापरावी. बिनधुराची आधुनिक दारू ठासणीच्या साध्या नळीत घालणे म्हणजे हातात सुरुंग धरणे होय.

खरेदीपूर्वी त्या राज्याचे नियम वाचावेत. कोलोरॅडोमध्ये ठासणीच्या हंगामात प्लास्टिकच्या वेष्टनातील गोळ्या चालत नाहीत, आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळीवरच बंदी आहे, त्यामुळे तिथे आधी शिशाऐवजी दुसऱ्या धातूची गोळी शोधावी लागते.

भाच्याच्या नळीचा पीळ ४८ इंच निघाला, म्हणजे नळीने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. त्याने २५ यार्डांवर, मग ५० यार्डांवर दोन्ही गोळ्यांचे पाच-पाच बार काढले, प्रत्येक बारानंतर नळी पुसली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. त्याच्या रानात ६० यार्डांपलीकडे झाडीतून दिसतच नाही, आणि ५० यार्डांवर गोल गोळ्यांचे पाचही ठसे त्याच्या तळहाताखाली झाकले जात होते. निमुळत्या गोळ्यांचे ठसे मात्र वीतभर पसरले होते. त्याने .४९० ची गोल गोळी आणि मंगलदास मार्केटचे कापड ठेवले.