कल्पनेतला देश: पोशाख आणि चालीरीती कशा रचायच्या

देशाचं नाव, नकाशा, झेंडा, राजाची वंशावळ हे एका संध्याकाळी उरकून टाका. त्यात कुणी अडत नाही. माणसं अंगात काय घालतात आणि दुसऱ्याच्या दारात गेल्यावर काय करतात, इथे सगळे अडतात. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘दोन-तीन संस्कृती मिसळून टाक.’ ऐकू नका. त्यातून जपानी किमोनोवर फेटा बांधलेला आणि हातात कुऱ्हाड घेतलेला सरदार तयार होतो. शाळेच्या गॅदरिंगला तो शोभेल, कादंबरीत नाही.

आधी धागा ठरवा. त्या जमिनीत काय पिकतं, कुठली जनावरं चरतात? धनगराचं घोंगडं बघा. दख्खनी मेंढीची खरखरीत काळी लोकर, घोंगडी विणणाऱ्या सणगराचा माग, आणि वर चिंचोक्याची खळ. खळीमुळे ते ताठ राहतं. डोक्यावरून त्याची खोळ घेतली की भर पावसात मेंढरांमागे उभं राहता येतं, आणि रात्री तेच अंथरूण. मेंढी, पाऊस आणि उघड्यावरची रात्र यांनीच तो पोशाख ठरवला. माझ्या गोष्टीतला देश झिंबर, कड्यांवर वसलेला, वर्षातले नऊ महिने धुक्यात. तिथे कापूस येणं शक्यच नाही. म्हणून मी त्यांना शेळीचे केस आणि रानातल्या खाजऱ्या झाडाच्या सालीचा धागा दिला. हे हवेतून आणलेलं नाही. नेपाळच्या डोंगरात ‘अल्लो’ नावाच्या अशाच झाडापासून खरोखर कापड विणतात.

मग माग. किमोनोचं कापड जेमतेम 36 सेंटिमीटर रुंदीचं आणि साधारण 12 मीटर लांब विणतात, त्यामुळे सगळे तुकडे सरळ कापलेले आणि वाया जवळजवळ काही नाही. आपली नऊवारी तर कापायचीच नाही, शिवायचीच नाही. नेसण कामाप्रमाणे बदलते: कोळीण ती गुडघ्यापर्यंत आवळून नेसते, कारण तिला पाण्यात उतरायचं असतं. तुमच्या देशातही कापड एकच ठेवा आणि गाठी बदला. दहा नवे पोशाख काढण्यापेक्षा हे बरं.

रंगाला किंमत लावा. जुन्या भूमध्य समुद्रकाठी जांभळा रंग राजेशाही मानला गेला, कारण तो समुद्री गोगलगायींपासून निघायचा. 1909 साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 12,000 गोगलगायी वापरल्या तेव्हा त्याच्या हाती 1.4 ग्रॅम रंग आला. तुमचा राजा लाल घालत असेल तर तो लाल कुठून येतो आणि तो काढताना कुणाचे हात सोलतात, एवढं तुम्हाला माहीत हवं.

आता चालीरीती. माझा पहिला देश इथेच बुडाला.

मी चौदा सण लिहिले होते. त्यातल्या एका चंद्रोत्सवाला चार पानं: दिवे, नाच, पांढरी वस्त्रं, सोन्याच्या थाळ्या. माझ्या भाचीने चारही पानं अंगठ्याने एकदम उलटली आणि विचारलं, ‘एवढी माणसं जेवली, मग भांडी कुणी घासली?’ मला राग आला. दोन दिवस उत्तर शोधलं, सापडलं नाही. त्या देशात कुणी राहतच नव्हतं, नुसती मिरवणूक चालली होती.

तेव्हापासून मी सणाला हात लावत नाही. आधी विचारते, रीत मोडली तर कोण दचकतं? किमोनोची डावी बाजू उजवीवर घेतात. उजवी डावीवर फक्त प्रेताला नेसवताना. आता कल्पना करा, परगावची मुलगी घाईत उलटं नेसून ओसरीवर आली आणि म्हातारीच्या हातातला पेला निसटला. माझ्या चार पानांत एवढा देश नव्हता.

दुसरं, क्रियापदं बघा. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ वाढवतो. बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायचं. घरातून निघताना ‘जाते’ म्हटलं की आजी ओरडायची, ‘येते म्हण!’ कारण कुणी सांगत नाही, विचारतही नाही. भीती शब्दात जाऊन बसलेली असते. म्हणून तुमची माणसं कशाला भितात ते ठरवा आणि तो शब्द त्यांच्या तोंडून काढून घ्या. झिंबरचे लोक कड्यावरून पडण्याला भितात, म्हणून ‘पडणे’ ते उच्चारत नाहीत. तिथे पाऊस उतरतो, दुधाचा दात उतरतो, आणि कुणी मेलं तर तोही ‘उतरला’.

धुक्यात समोरचा दिसत नाही, म्हणून जवळ जाण्याआधी स्वतःचं नाव तीनदा हाकारायचं. न हाकारता येतो तो शत्रू किंवा भूत. पोरं विसरतात, म्हणून आज्या त्यांच्या झग्याच्या काठाला घुंगरू शिवतात. इथे पोशाख आणि रीत एकमेकांना भेटले. चोर सगळ्यात आधी काय करेल? काठ कापेल. आणि नवी सून सासरच्या दारात पहिल्यांदा उभी राहील तेव्हा कुठलं नाव हाकारेल, माहेरचं की सासरचं? ही गोष्ट मी शोधली नाही, रीत नीट बसली तेव्हा ती आपोआप दारात येऊन उभी राहिली.

एक ताकीद. हे कारण पुस्तकात समजावून सांगू नका. ‘झिंबरचे लोक तीनदा नाव हाकारतात, कारण…’ असं वाक्य लिहिलं की वस्तुसंग्रहालयातली पाटी झाली. पात्राला हाक मारू द्या आणि पुढे चला. सगळ्यांना रीत पाळायलाही लावू नका. एखादा नातू एकदाच हाकारतो, एखादी म्हातारी चारदा, आणि त्यावरून दोघांचं भांडण होतं. ‘झिंबरी माणूस शूर असतो’ असलं एक वाक्य सापडलं तरी खोडा. बारा कोसांवर भाषा बदलते, मग अख्खा देश एका स्वभावाचा कसा?

सण शेवटी लिहा, एकच लिहा, आणि तो स्वयंपाकघराच्या बाजूने लिहा. मी लिहिला. भाचीने या वेळी सगळी पानं वाचली. झिंबरमध्ये भांडी जावई घासतात.